गुलाबी गल्लीतली बिनकवची अंडी

१

मंदाने खुराड्यात हात घातला आणि अंड्याने तिचं बोट धरलं.

निदान तिला तरी तसं वाटलं. हाताला जे लागायला हवं होतं ते गोल, कडक आणि गप्प. जे लागलं ते कोमट होतं, मऊ होतं आणि थरथरत होतं. मंदाने किंकाळी फोडली, हात पदराला पुसला, राहून गेलेली अर्धी किंकाळी पुरी केली आणि मग अगदी शांत आवाजात हाक मारली, "वैष्णवी, बाहेर ये. कोंबडीनं डोळा घातलाय."

वैष्णवी तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आली. बोईसरला औषधी गोळ्यांच्या एका कंपनीत ती क्वालिटी कंट्रोलला होती. दिवसभर गोळ्यांकडे संशयाने बघायचा तिला पगार मिळायचा आणि सुट्टीच्या दिवशी ती हे काम घरच्यांवर फुकट करायची. तिने खुराड्यात वाकून बघितलं. गवतावर एक पातळ कातडीची पिशवी पडली होती. आत बलक, बलकाभोवती पांढरं, सगळं जागच्या जागी. वरचं घर तेवढं गायब.

"आई, याला टरफल नाय."

"ते दिसतंय मला. टरफल गेलं कुठं, ते सांग."

प्रश्न बरोबर होता. चोरी झाली होती हे उघड होतं. फक्त अशी चोरी चिंचणीत आजवर कुणी ऐकली नव्हती, की चोराने आतला माल तसाच ठेवला आणि भिंती नेल्या. तसं दिवाळीनंतर अंडी हळूहळू नाजूक होत चालली होती. हात लागला की चीर जायची. पण मंदाने ते कोंबडीच्या वयावर ढकललं होतं, जशी ती स्वतःची गुडघेदुखी ढकलायची.

एवढ्यात शेजारून गोजराबाईंचा आवाज आला. गोजराबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात जुनी बाई. अर्धी गल्ली तिच्या मालकीची आणि उरलेली अर्धी तिच्या तोंडाच्या धाकात. "अगं बाय माझे! माझ्या कोंबडीचं पोटातच फुटलं!" पाठोपाठ समोरच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज. मग त्याच्या पलीकडून. बघता बघता गल्लीतल्या प्रत्येक घरातली बाई हातात काहीतरी थुलथुलीत घेऊन बाहेर आली, आणि सगळ्या एकमेकींच्या ओंजळींकडे, नवजात बाळ बघायला जमल्यासारख्या पण अजिबात आनंद न झालेल्या चेहऱ्याने बघू लागल्या.

मंदाच्या घराला लागून असलेल्या शेवटच्या घरातून पारू आली. पन्नाशीची, उंच, वाणगावकडून लग्न होऊन इथे आलेली, नवरा गेल्यावरही गोजराबाईंच्या मालकीच्या त्याच घरात भाड्याने राहिलेली. तिच्या एका हातात अंड्यांची टोपली होती आणि दुसऱ्या हातात एक अंडं.

"काय गं, काय झालं सगळ्यांना? मेलं कोण?" असं म्हणत पारूने, हात रिकामा करावा म्हणून, ते अंडं कुंपणाच्या खांबावर टेकवलं.

टक्.

सबंध गल्लीत त्या सकाळी तो एकच कडक आवाज होता. आणि तो सगळ्यांनी ऐकला.

२

"सगळ्यांची टरफलं गेली," गोजराबाई म्हणाल्या, "आणि हिच्या अंड्यांना दगडासारखी. मग सगळ्यांची गेली कुठं?"

हिशेब बिनचूक होता. फक्त वेडा होता.

गोजराबाईंच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि मध्यभागी एका ताटात सकाळची अंडी ठेवली होती. कुणी खुर्ची सरकवली की ताट थरथरायचं, आणि ताट थरथरलं की बायका रामराम म्हणायच्या. गोजराबाईंचा नातू चिराग ताटाचे फोटो काढत होता. चिराग बोईसरला रंगाच्या एका कारखान्यात होता आणि गल्लीच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष होता. दिवाळीआधी त्याने सुंदर गल्ली स्पर्धेसाठी अख्खी गल्ली गुलाबी करून टाकली होती. कुणीतरी पिस्ता रंग मागवला होता, कारखान्यात तो गुलाबी निघाला आणि पडून राहिलेले डबे चिरागने टेम्पो भरून आणले. गल्ली तालुक्यात दुसरी आली. पहिली का नाही आली, हे चिराग भेटेल त्याला सांगायचा. एक घर पांढरं राहिलं म्हणून.

ते घर पारूचं. ऑइल पेंटच्या वासाने तिला शिंका येतात, म्हणून तिने चिरागला दारातूनच परत पाठवलं होतं आणि दरवर्षीसारखा स्वतःच्या हाताने चुना मारला होता.

"तेव्हाच सांगत होतो," चिराग म्हणाला. "तिच्या मनात गल्लीबद्दल काहीतरी आहे. रंग नको म्हणणारी बाई मी आयुष्यात दुसरी बघितली नाही."

"डोळे बघितलेस का तिचे?" गोजराबाई म्हणाल्या. "अंडं टेकवताना कशी बघत होती. मी सांगते, बाईनं कायतरी केलंय."

वैष्णवी उभी राहिली. "आजी, जपून. असं कुणाला करणीबिरणी म्हटलं ना, तर कायदा हाय."

"मी कुठं करणी म्हटलं? मी म्हणते, रविवारपर्यंत माझं घर सोड. घर सोड म्हणायला कायदा हाय का?"

वैष्णवी खाली बसली. म्हातारी वकिलाच्या पोटी जन्माला यायला हवी होती.

"कोणाला काय बोलायचं असेल तर बोला," गोजराबाई म्हणाल्या आणि सरळ मंदाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. वैष्णवी झाली तेव्हा मंदा तापाने फणफणली होती आणि पारूने त्या लेकराला स्वतःच्या छातीशी धरून महिना जागून काढला होता, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आज पारूच्या बाजूने एक शब्द निघाला असता, तर तो मंदाच्याच तोंडून निघायचा होता.

मंदाने चपलेचा अंगठा बघितला. तो जागेवर होता. तरी ती बघतच राहिली.

"ठरलं मग," गोजराबाई म्हणाल्या.

घरी जाताना वैष्णवी म्हणाली, "आई, तू गप्प का बसलीस?"

"टरफलं गेलीत, वैष्णवी. डोळ्यांनी बघितलंस ना? मग गेली कुठं, ते तू सांग. सांगशील त्या दिवशी मी बोलेन."

वैष्णवीने रजेचा अर्ज मोबाईलवरूनच पाठवला. कारण लिहिलं, 'घरी अडचण.' अंड्यांचं लिहिलं असतं तर साहेबांनी तिचीच तपासणी करून घेतली असती.

३

कंपनीत गोळीचं वरचं वेष्टण सोलून निघालं की वैष्णवीची एकच पद्धत असायची. चांगली गोळी आणि वाईट गोळी समोरासमोर ठेवायची. दोघींत जे जे सारखं, ते ते सोडून द्यायचं. शेवटी जे वेगळं उरेल, त्याची मानगूट धरायची.

चांगली गोळी म्हणजे पारूच्या कोंबड्या. वाईट गोळी, बाकी सगळी गल्ली.

ती पहिल्यांदा नाक्यावर भाग्येशच्या दुकानात गेली. भाग्येश कोंबड्यांचं खाणं विकायचा आणि ज्याला त्याला टॉनिक घ्यायला सांगायचा, माणसांनासुद्धा.

"पारूमावशी वेगळं खाणं नेते का?"

"एकाच पोत्यातनं देतो सगळ्यांना," भाग्येश म्हणाला. "पोत्याचं तोंड उघडं हाय, बघ. पण तू टॉनिक ने. तुझा चेहरा उतरलाय."

खाणं सुटलं. पाणी तर गल्लीत एकाच विहिरीचं. कोंबडाही एकच, आणि तो भेदभाव करत नसे. उष्टं-खरकटं, माशांचे काटे, तिसऱ्यांच्या कालवणातल्या शिंपल्या, सगळ्यांचंच आता घंटागाडीत जायचं. स्पर्धेच्या नियमाने प्रत्येक घराच्या कोंबड्या मागच्या अंगणातच, तीन बाजूंनी हिरवी जाळी आणि चौथ्या बाजूला घराची भिंत. पारूनेही जाळी लावली होती. जाळीने शिंका येत नाहीत.

मंदाच्या माळ्यावरच्या खोलीत चंद्रभान राहायचा. मूळचा चाळीसगावचा, बोईसरच्या कारखान्यात फिटर, आणि फिटर असल्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत होतं. त्याने वैष्णवीला जिन्यातच गाठलं.

"ताई, मी सांगू? रेडिएशन. शेजारीच अणुवीज केंद्र, सीधी बात आहे. माझ्याकडे ॲप आहे."

"मोबाईलमध्ये?"

"हो ना! फुकट आहे." त्याने मोबाईल वैष्णवीच्या हातातल्या बिनटरफलाच्या अंड्याजवळ नेला. आकडा चढला. चंद्रभानचा चेहरा पांढराफटक पडला. "देखा? भागो यहाँ से!"

वैष्णवीने मोबाईल घेऊन, पारूकडून आणलेल्या कडक अंड्याजवळ धरला. आकडा चढला. मग भेंडीजवळ धरला. चढला. मग चंद्रभानच्या डोक्याजवळ धरला, तेव्हा सगळ्यात जास्त चढला. शेवटी मोबाईल कठड्यावर ठेवून दिला, तेव्हा आकडा खाली येऊन बसला. ॲप फक्त एवढंच मोजत होतं की मोबाईल हातात धरणारा किती हलतोय.

"ताई," चंद्रभान हळूच म्हणाला, "हे कंपनीत सांगू नका. मी सगळ्या डिपार्टमेंटची डोकी मोजलीत."

रेडिएशन सुटलं. चिरागला गाठायचं राहिलं होतं. तो गल्लीच्या तोंडाशी, स्वतःच्याच बॅनरखाली वडापाव खात उभा होता. बॅनरवर दोन मोठे फोटो होते. 'आधी' आणि 'नंतर'.

"दादा, मागच्या भिंतीपण रंगवल्या होत्यास ना तू?"

"मग! ड्रोन फिरणार होता वरून. खालून सुंदर आणि वरून भिकार, असलं आपण करत नाही." चिरागने तोंड पुसलं. "आणि रंग बघ की. दरवर्षी संक्रांतीपर्यंत ढोपराएवढा चुना उडून जायचा, नाही का? आजी म्हणायची, खारं वारं खातंय. यंदा हात लावून बघ. एक टवका नाही. मी खाऱ्या वाऱ्याला हरवलंय."

"आणि पारूमावशीला घालवून पुढच्या वर्षी तालुक्यालापण हरवशील."

चिराग लाल झाला. त्या गल्लीत लाल झालेला माणूस पटकन दिसत नसे. "तसं काही नाही. अंडी माझ्या आजीची पण गेलीत. मी स्वतः हातात धरलंय ते. अजून हात धुतोय."

तो खरं बोलत होता. त्याचा हात खरंच साबणाने सुरकुतला होता.

वैष्णवी घरी परत निघाली. खाणं सारखं, पाणी सारखं, जाळी सारखी, कोंबडासुद्धा सारखा. आता उरली होती फक्त पारू. सगळं सारखं असेल आणि शेवटी माणूसच वेगळा उरला तर?

मागच्या दारी मंदा हात पसरून उभी होती. तिच्या तळहातावर एक अंडं होतं. पांढरं, कडक, टरफलासकट.

"आपल्या ठिपकीचं," मंदा कुजबुजली. "पण ती आपल्या खुराड्यात नव्हती. पारूच्या जाळीत बसून आलीय."

४

त्या दिवसापासून ठिपकीचं नाव फितूर पडलं.

दोन घरांमधल्या जाळीला एक भोक होतं. ठिपकी रोज सकाळी त्यातून पलीकडे जायची आणि दुपारी मालकीणबाईसारखी परत यायची. बाकीच्या कोंबड्या जाड होत्या. त्या भोकातून जाईनात. मंदाच्या दृष्टीने आता पुराव्यात काही कमी राहिलं नव्हतं. कोंबडी इकडची, अंडं तिकडचं कडक. पारूच्या अंगणात पाय ठेवला की टरफल चढतं.

"तूच म्हणालीस ना, जे वेगळं उरेल त्याची मानगूट धरायची?" मंदा म्हणाली. "उरली ती पारूच. धर आता."

वैष्णवी कुंपण ओलांडून गेली.

पारू मागच्या भिंतीशी उकिडवी बसली होती. शेजारी चुन्याची बादली, हातात कुंचा. घरातली भांडी पोत्यात भरून दाराशी ठेवली होती, आणि ती भिंतीच्या खालच्या पट्ट्याला चुना मारत होती.

"मावशी, हे काय? रविवारी घर सोडायचं ना तुला?"

"म्हणूनच. दुसऱ्याचं घर हाय. परत देताना स्वच्छ द्यावं."

पारूने कुंचा बादलीत बुडवला. "तुझी आई बोलली कायतरी?"

"नाय."

"बरं." पारूने एक लांब हात मारला. "हा बघ, मेला टिकत नाय. आज मारला की चार दिवसांत उडतो. खारं वारं. तुझे काका होते तेव्हापासनं बघते, इथनं इथपर्यंतच खातं." तिने कुंच्याने जमिनीपासून ढोपरापर्यंतची जागा दाखवली.

वैष्णवी त्या जागेकडे बघत राहिली. मग विचारलं, "मावशी, समुद्र कुठल्या बाजूला हाय?"

"अगं, शुद्धीत हायस ना? इथं जन्मलीस आणि—" पारूने घराच्या पुढच्या बाजूला हात केला.

वैष्णवी पळत पुढच्या दाराशी गेली. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली भिंत खालपासून वरपर्यंत पांढरीशुभ्र होती. दिवाळीचा चुना जसाच्या तसा. ती परत मागे आली. म्हणजे वारा समुद्रावरून निघत होता, पुढच्या भिंतीला हात लावत नव्हता, घराला वळसा घालून मागे येत होता, मग खाली वाकून ढोपराखालचाच तेवढा चुना खात होता. असा वारा वैष्णवीच्या ओळखीत नव्हता.

तिच्या पायाशी फितूर उभी होती. कोंबडीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिची चोच, टोकापासून अर्ध्यापर्यंत, पांढरी होती.

वैष्णवी निघाली. चालत, मग भरभर, मग पळत. गल्लीच्या तोंडाशी चिराग अजून उभा होता; हा दुसरा वडापाव होता. वैष्णवीने त्याला बाजूला केलं आणि बॅनरसमोर उभी राहिली. 'नंतर'मध्ये मागच्या अंगणांतल्या गुलाबी भिंती होत्या आणि जाळीत गुमसुम कोंबड्या. 'आधी'मध्ये मळक्या पांढऱ्या भिंती होत्या, खालचा पट्टा उडालेला, आणि प्रत्येक भिंतीशी कोंबड्यांची रांग. सगळ्यांची शेपटं कॅमेऱ्याकडे. आजवर हा फोटो बघून सगळ्यांनी एवढंच म्हटलं होतं की आपल्या कोंबड्या लाजाळू.

"दादा," वैष्णवी म्हणाली, "या भिंतीकडे तोंड करून काय करतायत?"

चिरागने बघितलं. बराच वेळ बघितलं. वडापाव त्याच्या हातातून पडला आणि त्याने तो उचललासुद्धा नाही.

"आजीला सांगू नकोस," तो म्हणाला.

५

रविवारी सकाळी गोजराबाईंच्या अंगणात परत खुर्च्या मांडल्या. या खेपेला पारूही होती. ती बसली नाही. भांड्यांच्या पोत्याशेजारी उभी राहिली. मंदा शेवटच्या ओळीत होती.

"उत्तर सापडलंय," वैष्णवी म्हणाली. "टरफलं कुणी नेली नायत. ती झालीच नायत."

"म्हणजे?" गोजराबाई.

"आजी, अंड्याचं टरफल कशाचं बनतं? चुन्याचं. कोंबडी तो चुना पोटातून आणते, पण पोटात आधी जायला पायजे. पूर्वी तिसऱ्यांच्या शिंपल्या घरामागच्या परड्यात पडायच्या, त्या ती फोडून खायची. आता त्या घंटागाडीत जातात. तरी अंडी ठीक होती. का?"

वैष्णवीने गोजराबाईंच्या घराकडे बोट केलं.

"कारण कोंबड्या आपली घरं खात होत्या."

गोजराबाईंनी आपल्या घराकडे असं बघितलं, जणू मागून कुणी तुकडा तोडून नेलाय.

"आपण म्हणायचो खारं वारं. पण वाऱ्याला ढोपरापुरतंच तोंड असतं का? आणि वारा समुद्राची बाजू सोडून मागून येतो का? आपल्या बापजाद्यांपासून आपण वाऱ्याला शिव्या देतोय आणि वाऱ्याने काही केलेलं नाय. दरवर्षी दिवाळीला आपण चुना मारायचो आणि कोंबड्या वर्षभर भिंत टोचून तो परत अंड्यावर चढवायच्या. आपण घर रंगवतोय असं आपल्याला वाटायचं. खरं म्हणजे आपण त्यांना वाढत होतो."

"आणि यंदा?" भाग्येशने विचारलं. तो टॉनिकच्या बाटल्या घेऊनच आला होता.

वैष्णवीने चिरागकडे बघितलं. चिराग उभा राहिला. "यंदा चुन्यावर मी ऑइल पेंट मारला," तो म्हणाला. "चोच घसरते त्याच्यावर. मी काल जाळीत बसून बघितलं. त्या टोचतात, घसरतात, आणि परत टोचतात. बघवत नाही."

"तू?" गोजराबाई खुर्चीतून उठल्या. "मेल्या, तू? आणि तूच म्हणत होतास हिनं केलं!"

"मला तिची भिंत हवी होती," चिराग म्हणाला, आणि हे त्याला स्वतःलाही आत्ताच कळल्यासारखा तो खाली बसला.

"सगळं खोटं!" मागून एक बाई म्हणाली. "कोंबडी काय गवंडी हाय का?"

"जाळ्या उघडा," वैष्णवी म्हणाली. "सगळ्या. भाग्येश, तुझं पोतं अंगणात ओत. बघू कुठं जातात."

जाळ्या उघडल्या. पोतं ओतलं गेलं. गल्लीभरच्या कोंबड्या बाहेर आल्या, दाण्यांपाशी थांबल्या, दोन-चार टोचा मारल्या. तेवढ्यात फितूर सगळ्यांच्या मधून, उशीर झालेल्या सरकारी बाईसारखी, सरळ पारूच्या मागच्या अंगणाकडे निघाली. एक कोंबडी तिच्यामागे गेली. मग दुसरी. मग दाण्यांभोवती कुणीच उरलं नाही.

माणसं मागोमाग धावली आणि पारूच्या परड्यात येऊन थिजली.

काळ्या, तांबड्या, ठिपक्यांच्या, जितक्या म्हणून कोंबड्या गल्लीत होत्या, तितक्या पारूने नुकत्याच चुना मारलेल्या भिंतीसमोर ओळीने उभ्या होत्या. शेपटं माणसांकडे. आणि मध्ये कसलाच दुसरा आवाज नाही. फक्त टकटक, टकटक, टकटक, कुणी लांब कारखान्यात टाइपरायटर चालू ठेवल्यासारखं. गोजराबाईंच्या तुऱ्याच्या कोंबडीने भिंतीचा एक नखाएवढा टवका काढला, मान वर केली, गिळला, आणि डोळे मिटले.

चंद्रभानने मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला. गोजराबाई मटकन पारूच्या पायरीवर बसल्या.

"अगं बाय," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझं घर, मी अंड्यातनं खाल्लं."

६

सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. चिरागने मागच्या भिंतींचा रंग स्वतः घासून काढायचं कबूल केलं. कुणी म्हणालं शिंपल्या परत परड्यात टाकू. गोजराबाई हात झटकून उठल्या. "चल पारू, पोतं आत ने. झालं ते झालं. घर तुझंच हाय."

पारू हलली नाही.

"आजी, तुमी जा म्हणालात. आता तुमी राहा म्हणता. मी जाईन का राहीन, ते मी ठरवीन."

गल्लीला दुसरा धक्का बसला. पारूला ठरवता येतं, हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आठवडाभर पाठीमागे बोललात," पारू म्हणाली. "दारासमोर या आणि जे बोललात ते तोंडावर बोला. एकेकानं. मग सांगते."

"अगं, पण—"

"पयल्या तुमी."

आणि खरंच ओळ लागली. कोंबड्यांची भिंतीकडे आणि माणसांची दाराकडे. गोजराबाईंनी पदर सावरला, पारूच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "मी म्हटलं, तुझे डोळे वाईट." पारूने मान हलवली. "पुढं." भाग्येश म्हणाला, "मी म्हटलं, हिनं टॉनिक नेलं नाय म्हणजे हिच्याकडे दुसरं कायतरी हाय." "पुढं." चंद्रभान म्हणाला, "मौसी, मी तुमच्या डोक्याला पण मोबाईल लावला होता, झोपलेल्या होत्या तेव्हा खिडकीतून." पारूला हसू आलं, तिने ते गिळलं. "पुढं."

मंदा आली. ओळीतल्यांना वाटलं हिचं लगेच आटपेल.

"बोल," पारू म्हणाली. "तू काय म्हणालीस?"

"मी... मी कायच नाय म्हटलं."

"ठाऊक हाय. सगळ्यांचं ऐकू आलं मला. तुझंच ऐकू येत नव्हतं. मी रोज रात्री मधल्या भिंतीला कान लावून बसले, म्हटलं कधीतरी बोलेल. मला म्हणेल, नायतर माझ्या बाजूनं म्हणेल. शिवी दिली असतीस तरी चाललं असतं गं."

वैष्णवीने आईकडे बघितलं. मंदाचा चेहरा तिने त्या पहिल्या सकाळी खुराड्यात बघितलेल्या त्या अंड्यासारखा दिसत होता, आतलं सगळं दिसत होतं आणि धरून ठेवायला वर काही नव्हतं.

मंदा एकदम गल्लीकडे वळली. "ऐका!" ती एवढ्या जोरात ओरडली की भिंतीशी टकटक थांबली. "माझी पोर हिनं जगवली! हिच्या हातचं पाणी पिऊन मी उठले! आणि मी भ्याले, गोजराबाई काय म्हणतील म्हणून भ्याले, टरफलाला भ्याले! कोणी हिला परत घर सोड म्हटलं तर आधी माझी भांडी बाहेर काढा! ऐकू आलं का सगळ्यांना?"

सगळ्यांना ऐकू आलं. नाक्यावरची रिक्षासुद्धा थांबली.

ती वळली तेव्हा धापा टाकत होती. पारू तिच्याकडे बघत होती.

"उशीर केलास," पारू म्हणाली.

"हो."

"पण आवाज अजून चांगला हाय."

मंदाला रडू फुटलं. पारूने भांड्यांच्या पोत्याची गाठ सोडली, आत हात घालून पातेलं काढलं, मग गाळणं शोधलं. ओळीत शेवटी उभ्या असलेल्या चिरागने घसा खाकरला. "मावशी... माझा नंबर?"

"तू थांब," पारू म्हणाली. "तुझं लांब हाय. मी आधी चहा टाकते."